सातशे बत्तीस घोडे, पावणेतीन मीटर

जर्मनीत आयफेलच्या डोंगरात, जंगलातून वळणं घेत जाणारा एक जुना ट्रॅक आहे. न्युर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफे. १९२७ साली सुरू झालेला, एका फेरीला २०.८३२ किलोमीटर. साधारण चर्चगेट ते अंधेरी धरा. आपली फास्ट लोकल हे अंतर कापायला अर्धा तास घेते, तेही सरळ रुळांवरून. इथे सत्तरच्या वर वळणं आहेत आणि जवळजवळ तीनशे मीटरचा चढउतार.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पोर्शे ९११ जीटी-थ्री आरएस या गाडीने ही फेरी ६ मिनिटं ४९.३२८ सेकंदांत पूर्ण केली. २०२५ मध्ये शेव्हरोलेने आपली कॉर्व्हेट झेडआर-वन-एक्स तिथे नेली. वेळ: ६ मिनिटं ४९.२७५ सेकंद.

फरक ०.०५३ सेकंदाचा. दोन्ही गाड्यांचा सरासरी वेग ताशी १८३ किलोमीटर पडतो, म्हणजे सेकंदाला ५१ मीटर. त्या वेगाने ०.०५३ सेकंदात गाडी २.७ मीटर पुढे सरकते. टाटांची नॅनो ३.१ मीटर लांब होती. वीस किलोमीटर आठशे मीटर जीव तोडून पळाल्यावर अमेरिका युरोपच्या पुढे गेली ती नॅनोभरही नाही.

आता दुसरा आकडा. पोर्शेची ताकद ५१८ हॉर्सपॉवर, कॉर्व्हेटची १,२५०. म्हणजे अमेरिकन गाडीला ७३२ घोडे जास्त जुंपलेले होते, आणि त्यांची कमाई पावणेतीन मीटर.

अमेरिकन गाड्यांची टिंगल करायची असेल तर लेख इथेच थांबवता येईल. पण ते खरं होणार नाही. पोर्शे चालवणारा माणूस व्यावसायिक रेसर होता, कॉर्व्हेट चालवणारा कंपनीच्या पगारावरचा इंजिनिअर. शिवाय पोर्शे साडेचौदाशे किलोची, कॉर्व्हेट तिच्याहून बरीच जड, पुढच्या चाकांना वेगळी विजेची मोटर असलेली हायब्रिड. आणि किंमत? पोर्शे अमेरिकेत आली तेव्हा २,२३,८०० डॉलरपासून सुरू होत होती, कॉर्व्हेट २,०७,३९५ डॉलरपासून. स्वस्त गाडी जिंकली, फक्त जिंकताना तिने घोड्यांची उधळपट्टी केली. अमेरिकेत घोडे स्वस्तच आहेत.

किती स्वस्त, ते पाहू. २०१५ ची डॉज चॅलेंजर हेलकॅट: ७०७ एचपी, किंमत ६० हजार डॉलरच्या आत. घोड्यामागे ८५ डॉलर. २०२० ची साधी कॉर्व्हेट स्टिंगरे: ४९० एचपी, ५९,९९५ डॉलर, घोड्यामागे १२२. वरची झेडआर-वन-एक्स १६६. पोर्शे जीटी-थ्री आरएस ४३२. बुगाटी शिरॉन जवळपास ३० लाख डॉलरला, १,५०० घोड्यांची, म्हणजे घोड्यामागे २ हजार डॉलर. मजा अशी, की घोडासुद्धा दोन खंडांत एकसारखा नाही. युरोपचा ‘पीएस’ ७३५.५ वॉटचा आणि अमेरिकेचा ‘एचपी’ ७४५.७ वॉटचा. पोर्शेचे ५२५ युरोपीय घोडे अटलांटिक ओलांडले की ५१८ होतात.

मात्र या हिशेबात एक गोम आहे. २००९ मध्ये नॅनो आली ती एक लाख रुपयांना, तेव्हाचे साधारण २ हजार डॉलर, ताकद ३५ पीएस. घोड्यामागे ५७ डॉलर! म्हणजे ‘पैशाला पैसा, घोड्याला घोडा’ एवढंच बघायचं तर हेलकॅटला मागे टाकणारी जगातली सर्वांत फायदेशीर परफॉर्मन्स कार पुण्याच्या इंजिनिअरांनी बनवली होती. घोड्यामागचे डॉलर मोजणं म्हणजे वजनावर पुस्तकं घेणं.

तरीही अमेरिकन घोडा इतका स्वस्त का, हे समजून घेण्यासारखं आहे. शेव्हरोलेचं ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-एट इंजिन १९५५ मध्ये आलं. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये या घराण्याचं दहा कोटीवं इंजिन तयार झालं. ५६ वर्षं, रात्रंदिवस, सणवार न पाळता, दर अठरा सेकंदांना एक इंजिन, असा तो वेग होतो. कॉर्व्हेट स्टिंगरेच्या ६.२ लिटरच्या इंजिनाचे सख्खे भाऊ शेतकऱ्यांच्या आणि बांधकामवाल्यांच्या पिकअप ट्रकमध्ये बसतात. आठ सिलिंडरांना मिळून एकच कॅमशाफ्ट, दर सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह; रचना जुनी, आटोपशीर आणि ओळखीची. संशोधनाचा खर्च लाखो ट्रकांवर वाटला जातो आणि स्पोर्ट्स कारच्या वाट्याला इंजिन जवळजवळ ट्रकच्या भावात येतं.

युरोपात असं इंजिन वाढलंच नाही, कारण सरकारं इंजिनाच्या आकारावर कर लावत होती. इटलीत दोन लिटरच्या वर गेलं की गाडीवरचा विक्रीकर जवळपास दुप्पट होत असे. म्हणून फेरारीने १९७५ मध्ये ‘२०८’ काढली: आठ सिलिंडर, पण सगळे मिळून १,९९१ सीसी. एकेक सिलिंडर पाव लिटरचा, पाणी प्यायच्या पेल्याएवढा. हेलकॅटच्या एका सिलिंडरमध्ये असे तीन पेले मावतात. कर चुकवायचा तर इंजिन लहान ठेवायचं; आणि लहान इंजिनातून ताकद काढायची तर ते जास्त फिरवायचं, जास्त व्हॉल्व्ह घालायचे, हलके आणि महाग धातू वापरायचे. युरोपीय ‘कारागिरी’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यातला बराच भाग करखात्याने घडवला आहे, असं माझं मत.

रस्त्यांनीही तेच केलं. अमेरिकेत १९७४ ते १९९५ हायवेवर ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटरची राष्ट्रीय वेगमर्यादा होती (शेवटच्या काही वर्षांत गावाबाहेर ती थोडी सैल झाली). वेगाची हौस भागवायची जागा म्हणजे ड्रॅग स्ट्रिप: सरळ रस्ता, पाव मैल, ४०२ मीटर. जर्मनीत ऑटोबानच्या मोठ्या भागावर मर्यादाच नाही आणि डोंगरात न्युर्बुर्गरिंग आहे. एका देशाने ४०२ मीटरची गाडी बनवली, दुसऱ्याने २०,८३२ मीटरची.

४०२ मीटरच्या गाडीचा कळस म्हणजे २०२३ ची डॉज डीमन १७०. मक्याच्या इथेनॉलचं इंधन भरलं तर १,०२५ एचपी, पंपावरच्या साध्या पेट्रोलवर ९००. किंमत ९६,६६६ डॉलर. कंपनीच्या आकड्यानुसार ही गाडी शून्यावरून ताशी ९६ किलोमीटरला १.६६ सेकंदांत पोचते आणि पाव मैल ८.९१ सेकंदांत संपवते. हे आकडे खास चिकट केलेल्या ट्रॅकवरचे, आणि पहिल्या वेळेत सुरुवातीचं फूटभर अंतर धरलेलं नाही. ते मान्य करूनही पुढचं वाचा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून एक दगड सोडा. दीड-पावणेदोन सेकंदांत, नेमकं १.६६ सेकंदाला, त्याचा वेग ताशी ५९ किलोमीटरही झालेला नसतो. ९६ व्हायला त्याला पावणेतीन सेकंद लागतात. हवेचा अडथळा सोडून दिला, तर ८.९१ सेकंदांत दगड ३८९ मीटर खाली जाईल. डीमन तेवढ्याच वेळात ४०२ मीटर पुढे गेलेली असते. पृथ्वी दगडाला खाली ओढते त्यापेक्षा ही गाडी स्वतःला पुढे जास्त जोरात ओढते. तेही रबराच्या चाकांवर, दोन टनांच्या आसपास वजन घेऊन.

पोर्शेची करामत याच्या उलट आहे, ती दिसतच नाही. जीटी-थ्री आरएसचे पंख ताशी २८५ किलोमीटरला गाडीला ८६० किलोच्या जोराने रस्त्यावर दाबतात. म्हणजे टपावर एक मारुती ८०० ठेवायची आणि तिच्यात तीन माणसं बसवायची. या अदृश्य मारुतीमुळेच वळणावर चाकं सुटत नाहीत आणि ५१८ घोडे १,२५० घोड्यांच्या मागोमाग येतात. जास्तीचे पैसे या हवेचे, ब्रेकचे आणि हजाराव्या फेरीलाही ब्रेक पहिल्यासारखा लागेल या खात्रीचे.

मग दर्जा कोणाचा चांगला? इथे लोक छातीठोकपणे बोलतात, आकडे मात्र थोडे बिचकतात. जे. डी. पॉवर या संस्थेच्या २०१९ च्या अमेरिकेतल्या पाहणीत, नव्या गाडीच्या पहिल्या ९० दिवसांत मालकांनी सांगितलेल्या तक्रारी मोजल्या, तेव्हा सगळ्या मॉडेलांत ९११ सर्वांत वरचढ ठरली: शंभर गाड्यांमागे ५८ तक्रारी, तर सगळ्या उद्योगाची सरासरी ९३. पण हीच पोर्शे २०१४ मध्ये ७८५ ग्राहकांना सांगत होती, की तुमची नवी ९११ जीटी-थ्री चालवू नका. दोन गाड्या पेटल्या होत्या. कारण निघालं कनेक्टिंग रॉडच्या स्क्रूचं. कंपनीने दुरुस्तीचा घोळ न घालता सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली. स्क्रू सैल झाला हे जितकं खरं, तितकंच इंजिनं बदलून दिली हेही खरं.

अमेरिकन बाजूला दुखणं उष्णतेचं. २०१५ ची कॉर्व्हेट झेड-झिरो-सिक्स, ६५० एचपीची, ट्रॅकवर काही फेऱ्यांनंतर तापून ताकद कमी करते, अशी तक्रार घेऊन मालक कोर्टात गेले. नऊ सेकंदांच्या शर्यतीच्या संस्कृतीत वाढलेल्या इंजिनिअरिंगला सात मिनिटांची फेरी जड गेली, असं म्हणायला हरकत नाही.

आणि ज्याला ‘व्हॅल्यू’ म्हणतात, ती नक्की कोणाच्या खिशात जाते? २०२४ मध्ये फेरारीने १३,७५२ गाड्या दिल्या आणि १ अब्ज ५२ कोटी ६० लाख युरो निव्वळ नफा कमावला. गाडीमागे एक लाख अकरा हजार युरो. त्यात फॉर्म्युला वनचे प्रायोजक, सुटे भाग, टोप्या-टीशर्ट सगळं आलं, तरी आकडा आकडाच आहे. त्याच वर्षी शेव्हरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सने (जीएम) जगभरात साठ लाखांच्या आसपास गाड्या विकल्या आणि सुमारे ६ अब्ज डॉलर मिळवले. गाडीमागे हजार डॉलर. चीनमधल्या धंद्याचा मोठा तोटा त्या वर्षी खात्यात टाकला होता म्हणून नफा आणखी कमी दिसतो, पण दुप्पट धरलात तरी चित्र बदलत नाही. जीएम दर सव्वापाच सेकंदाला एक गाडी विकते. फेरारीचं वर्षभराचं काम तिचं वीस तासांत उरकतं. तरी २०२४ च्या अखेरीस शेअर बाजारात फेरारीची किंमत जीएमपेक्षा जास्त होती.

बुगाटीचा हिशेब मात्र उलटा आहे. तिची तेव्हाची मालक असलेल्या फोक्सवॅगनने २००५ ते २०१५ मध्ये व्हेरॉनच्या ४५० गाड्या बनवल्या, किंमत दहा लाख युरोंच्या पुढे. २०१३ मध्ये एका गुंतवणूक विश्लेषक संस्थेने अंदाज काढला, की प्रत्येक व्हेरॉनमागे फोक्सवॅगनला साधारण ४६ लाख युरोंचा तोटा झाला. म्हणजे ज्याने व्हेरॉन घेतली त्याला कंपनीने गाडीच्या किमतीहून कितीतरी जास्त रक्कम स्वतःच्या खिशातून घालून गाडी दिली. पैशाचा पुरेपूर मोबदला मिळालेला ग्राहक शोधायचाच तर तो हा अब्जाधीश. फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यातली पोलो घेणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाने त्यात खारीचा वाटा उचलला, असं गमतीने म्हणावं लागेल. व्हेरॉनची धाकटी बहीण शिरॉन पूर्ण ताकदीवर मिनिटाला ६० हजार लिटर हवा आत ओढते. बसलेला माणूस मिनिटाला साधारण आठ लिटर हवा घेतो. एका गाडीला साडेसात हजार माणसांचा श्वास लागतो, म्हणजे बारा डब्यांची गच्च भरलेली दीड लोकल.

यातले बहुतेक भाव अमेरिकेतले. आपल्याकडे आयातकराच्या पलीकडे हा वादच शिल्लक राहत नाही. २०१६ मध्ये फोर्डने मस्टँग भारतात आणली ती ६५ लाखांना. तिकडे ती ३५ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या भावाने २३-२४ लाखांत मिळत होती. कॉर्व्हेट तर भारतात शोरूममध्ये आलीच नाही. शेव्हरोलेचा तळेगावचा कारखाना बीट आणि स्पार्क बनवत होता. तो आता ह्युंदाईचा आहे.

तरी न्यू जर्सीतल्या कोणी भाच्याने फोन करून विचारलंच, की मामा, कोणती घेऊ, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. नवी कॉर्व्हेट झेड-झिरो-सिक्स, जुन्या तापणाऱ्या पिढीची नव्हे. आली तेव्हा १,०६,३९५ डॉलर, ६७० एचपी, टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, ८,६०० आरपीएमपर्यंत फिरणारं ५.५ लिटरचं इंजिन. हे ट्रकचं इंजिन नाही. ते करताना फेरारी ४५८ चा अभ्यास केल्याचं तिच्या इंजिनिअरांनी लपवलेलं नाही. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनमध्ये यातलं प्रत्येक इंजिन पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कारागीर हाताने जुळवतो, आणि त्याच्या नावाची पट्टी इंजिनावर लावलेली असते.