तासाला नऊशे रुपये, पण महिन्याला किती?

दरवर्षी जूनमध्ये आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाच्या बाजूच्या गावांतली मुलं पदवीच्या प्रवेशासाठी खाली घोडेगाव, मंचर, जुन्नर, ओतूर, नारायणगावला येतात. बहुतेकांच्या घरातलं कॉलेजची पायरी चढणारं हे पहिलंच माणूस. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेली ही महाविद्यालयं नसती, तर यातल्या अनेकांचं, विशेषतः मुलींचं शिक्षण बारावीलाच थांबलं असतं. नेमक्या त्याच दिवसांत राज्यभरातल्या अशा महाविद्यालयांत शिकवणारी कितीतरी माणसं, गेल्या वर्षी केलेल्याच कामासाठी पुन्हा अर्ज भरत असतात. प्रमाणपत्रांची तीच फाइल, पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. हे सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेले प्राध्यापक. त्यांच्याविषयी गावात, एसटीत आणि कधीकधी स्टाफरूममध्येही जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं खरं नाही.

“तासाला नऊशे मिळतात, मग रडायचं कशाला?”

२०२३ मध्ये राज्य शासनाने दर वाढवले. पदवी वर्गाच्या थिअरीच्या तासाला ९०० रुपये आणि पदव्युत्तरला १,००० रुपये झाले. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण एका प्राध्यापकाला आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास मिळतात. नऊ गुणिले नऊशे म्हणजे आठवड्याचे ८,१००. एकही सुट्टी न येता चार आठवडे सरळ गेले, तर ३२,४००. असा महिना वर्षात किती वेळा येतो? गणपती, दिवाळीची सुट्टी, सत्र परीक्षा, मग उन्हाळा. तास झाला नाही की पैसे नाहीत. मे महिना कोराच जातो.

झालेल्या तासाचे पैसेही लगेच हातात पडत नाहीत. तासिकांची नोंद, विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही, मग बिल, मग पुण्याला उच्च शिक्षण सहसंचालकांचं कार्यालय, आणि अनुदान आलं की खात्यात. जुलैत शिकवलेल्या तासांचे पैसे दिवाळी उलटून गेल्यावर मिळणं यात कोणालाच नवल वाटत नाही. तोवर किराणा उधारीवर आणि खोलीचं भाडं घरच्यांकडून.

नऊशेमध्ये फक्त तास धरलेला असतो. प्रवेशाच्या दिवसांतली टेबलं, परीक्षेची कामं, नॅक मूल्यांकनाच्या फायली, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर हे सगळं नऊशेच्या बाहेर. पुढच्या जूनमध्ये आपलं नाव यादीत असावं म्हणून कोणी नाही म्हणत नाही. त्याच विभागात त्याच अभ्यासक्रमाला शिकवणाऱ्या नव्या कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपये आहे. महागाई भत्ता वेगळा. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्येच अतिथी प्राध्यापकांना तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सांगितला होता. त्यानंतर चार वर्षांनी वाढवलेला आपला दरही त्याच्या खालीच आहे.

“पात्रता असती तर कायम झाले असते.”

मला सगळ्यात जास्त खुपतो तो हा गैरसमज. यातल्या अनेकांनी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा काढलेली आहे, पीएच.डी. केलेली आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठच घेतं. पात्र ठरवणारी आणि तासावर राबवणारी व्यवस्था एकच आहे.

अडलंय ते जागा भरण्यापाशी. २०१७ मध्ये शासनाने भरतीवर निर्बंध आणले. २०१८ मध्ये राज्यभरातल्या रिक्त जागांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० जागा भरायला परवानगी मिळाली. त्यातल्या उरलेल्या २,०८८ जागांचा आदेश निघायला नोव्हेंबर २०२१ उजाडलं. दरम्यान जुने प्राध्यापक निवृत्त होतच राहिले. संस्थेने किंवा प्राचार्यांनी मनात आणलं तरी अनुदानित जागा शासनाच्या मंजुरीशिवाय भरता येत नाही. म्हणून गावात संस्थाचालकांवर काढला जाणारा राग अर्धाच बरोबर असतो. निवड पारदर्शक झाली का, हे संस्थेला जरूर विचारावं. जागा का निघाली नाही, हे मात्र मंत्रालयाला विचारायचं.

“२४० दिवस भरले की काढता येत नाही.”

हे कारखान्यातल्या कामगारांच्या बाबतीत ऐकलेलं असतं. शिक्षकाला ते लागू नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, सुंदरांबाळ खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं की त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा ‘कामगार’ नाही. त्या भरवशावर कोणी थांबू नये.

“दहा वर्षं काढली की आपोआप कायम.”

तेही नाही. २००६ च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने उलट म्हटलं होतं की नुसतं वर्षानुवर्षं काम केल्याने कायम होण्याचा हक्क मिळत नाही. दहा वर्षांचा उल्लेख आहे, पण तो मंजूर पदावरच्या, पात्रता असलेल्या लोकांसाठी आणि एकदाच करायची सोय म्हणून. आणि तासिकेच्या नेमणुकीत तर दरवर्षी खंड पडतोच.

तरीही सगळी दारं बंद आहेत असं समजू नये. डिसेंबर २०२४ च्या जग्गो प्रकरणात न्यायालयाने वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्या कर्मचाऱ्यांना कायम करायला लावलं आणि उमादेवी निकालाची ढाल करू नका, असंही सुनावलं. २२ ऑगस्ट २०२५ चा निकाल आपल्याला जास्त जवळचा आहे. गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना महिन्याला ३०,००० रुपये मिळत होते. त्यांना वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्या, असा आदेश न्यायालयाने दिला. ते पूर्णवेळ करारावर होते. तासावरच्या माणसाला हा निकाल जसाच्या तसा लागू होईल, असं सांगणं म्हणजे खोटी आशा दाखवणं. पण सारख्या कामाला सारखं वेतन हा मुद्दा आता मागे हटणार नाही, एवढं नक्की.

“आता सगळीकडे कंत्राटच असतं, नियमच तसा आहे.”

नियम नेमका उलटा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमानुसार कंत्राटी अध्यापक अगदी गरज असेल तरच नेमायचे, एकूण अध्यापकांच्या दहा टक्क्यांच्या वर न्यायचे नाहीत आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी द्यायचं नाही. महाराष्ट्राने हे विनियम २०१९ मध्ये स्वीकारले. तासिका तत्त्व ही तर कंत्राटाच्याही खालची पायरी, कारण कंत्राटाला निदान महिन्याचा पगार असतो.

खुद्द विद्यापीठाच्या आवारातही मंजूर पदं मोठ्या संख्येने रिकामी राहिली. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या सर्वसाधारण यादीत पुणे विद्यापीठ २०२४ मध्ये ३७ वं होतं, २०२५ मध्ये ते ९१ वं झालं. अध्यापकांची कमतरता हे त्यामागचं एक कारण आहे.

तासावरच्या प्राध्यापकांनी नेमणुकीचं प्रत्येक पत्र, विद्यापीठाची मान्यता, वेळापत्रक आणि तासिकांच्या नोंदीची प्रत वर्षवार जपून ठेवावी. उद्या कुठेही दाद मागायची, तर हाच पुरावा. आणि जुन्नर-आंबेगावच्या पालकांना विनंती की या जूनमध्ये मुलामुलीचा प्रवेश घेताना फी विचाराल, तेव्हा आणखी एक गोष्ट विचारा: या विषयाच्या मंजूर जागा किती, आणि त्यांतल्या भरलेल्या किती? उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या सभेत ते आमदारांसमोर ठेवा.