गाडीखाली ऑइलचा डाग? इंजिन खोलण्याआधी गळती नेमकी कुठून ते शोधा

गोडदेव (भाईंदर पूर्व) : रात्री लावलेली मोटरसायकल सकाळी काढली, की खाली फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. गोडदेव, नवघर, खारीगाव असो की शहापूर-मुरबाडकडची गावं, जुनी स्प्लेंडर, सीडी १०० किंवा बॉक्सर ज्यांच्या दारात उभी आहे त्यांना हा डाग ओळखीचा आहे. दूध, भाजी, मासळी किंवा रोजची ड्युटी याच गाडीवर चालते. त्यामुळे गॅरेजवाला "इंजिन खोलावं लागेल" म्हणाला की छातीत धस्स होतं. पण बारीक गळती बहुतेक वेळा एखाद्या वायसरची, रबरी रिंगची किंवा सीलची असते. अडचण एवढीच, की ऑइल जिथून खाली टपकतं तिथूनच ते गळत असतं असं नाही.

स्प्लेंडर १९९४ साली आली, सीडी १०० त्याच्याही आधी, १९८५ ला. २०११ मध्ये हिरो होंडाचं नाव हिरो मोटोकॉर्प झालं, म्हणजे टाकीवर जुनं नाव असलेल्या गाड्यांचं वय आता कळतंच. इतक्या वर्षांत इंजिनातलं रबर कडक होतं आणि पॅकिंग दबून जातं. त्यात भाईंदर-उत्तनच्या खाऱ्या हवेत नट-बोल्ट गंजतात. थोडं ऑइल पाझरणं हे अशा गाडीला काही मोठं दुखणं नव्हे.

आधी ते इंजिन ऑइलच आहे का, हे बघा. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा किंवा जुना पेपर टाकून ठेवा आणि पुढच्या चाकाच्या बाजूला खूण करा. पेट्रोल असेल तर वास येईल आणि डाग उडून जाईल. डाग मागच्या चाकाजवळ असेल आणि चिकट, घट्ट असेल तर तो चेनला लावलेल्या ऑइलचा असू शकतो. पुढच्या शॉकअपच्या दांडीवर ओल असेल तर ते शॉकअपचं सील गेलंय, इंजिनाचा त्यात काही दोष नाही. तपकिरी-काळा डाग बरोबर इंजिनाखालीच पडला असेल तर पुढे जा.

आता इंजिन धुवा. हे काम थंड इंजिनावरच करायचं, जवळ विडी-काडी नको. डिझेलमध्ये ब्रश बुडवून सगळा चिखल काढा, मग साबणाचं पाणी मारा आणि फडक्याने पूर्ण कोरडं करा. इंजिन सुकलं की संशयाच्या जागांवर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरा. पाच-सात किलोमीटर गाडी फिरवा, स्टँडवर लावा आणि मोबाइलची टॉर्च मारून बघा. पावडर जिथे ओली, पिवळट झाली तिथे गळती. लक्षात ठेवायचं ते हे, की ऑइल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. खालचा बोल्ट ओला दिसला म्हणून तोच आवळत बसणारे बरेच असतात. ऑइल मात्र वर टॅपेटच्या झाकणातून येत असतं.

टॅपेटची गोल झाकणं ओली असतील तर आतली रबरी रिंग बदलायची. चहाच्या एक-दोन कपांच्या खर्चाचं हे काम आहे. हेड आणि सिलिंडरच्या सांध्यातून येत असेल तर प्रकरण थोडं मोठं, तिथलं पॅकिंग बदलायला हेड उतरवावं लागतं. उजव्या बाजूला क्लच कव्हरचं पॅकिंग आणि किकच्या शाफ्टचं सील बघा. डाव्या बाजूला गिअरच्या शाफ्टचं सील आणि पुढच्या चेन चक्रीमागचं सील. ही सीलं बहुतेक गाड्यांत कव्हर आणि चक्री काढून बाहेरूनच बसतात, त्यासाठी अख्खं इंजिन उतरवायची गरज सहसा नसते. चक्रीजवळ चेनचा चिखल इतका असतो, की धुतल्याशिवाय तिथे काहीच कळत नाही. क्लच कव्हर उघडलंच तर नवीन पॅकिंग घालायला सांगा. नुसता बॉन्ड फासून भागवलं तर आत निघालेले त्याचे गोळे सुटून ऑइलच्या जाळीत अडकू शकतात.

खालच्या ड्रेन बोल्टबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण नुकतंच ऑइल बदललं आणि गळती सुरू झाली असेल तर पहिला संशय त्याच्यावर. त्याचा वायसर मऊ धातूचा असतो, तो एकदाच नीट दबतो. ऑइल बदलताना तोही नवा टाका. पान्याला पाइप लावून बोल्ट कधी आवळू नका, कारण इंजिनाची बॉडी ॲल्युमिनियमची असते आणि तिचे आटे चटकन जातात. शिवाय वरून वाकून हात खाली घातला की सैल आणि घट्टची दिशा उलटी वाटते, आणि सैल करायला गेलेला माणूस बोल्ट अजून आवळून बसतो. आटे गेले तर लेथवाल्याकडे जाऊन नवे पाडून घ्यावे लागतात.

गळती सापडेपर्यंत लेव्हलवर नजर ठेवा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा आणि थोडं थांबा. मग ऑइलच्या झाकणाची काडी पुसून परत घाला. स्प्लेंडरसारख्या गाडीत ती फिरवून आवळायची नाही, नुसती टेकवायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. आठवड्यात ते खालच्या खुणेवर येत असेल तर ती गळती बारीक राहिलेली नाही. लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली गेली असेल तर माळशेज किंवा कसारा घाटात गाडी नेऊ नका, इंजिन जाम होईल. मागच्या टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रमवर ऑइल उडत असेल तर गाडी तिथल्या तिथे उभी करा, विशेषतः पावसात.

"गळतंय ना, मग थोडं जास्त टाकू" हा हिशेबही चुकीचा. जास्त ऑइल टाकलं की ते ब्रीदरच्या नळीतून बाहेर येतं, काही गाड्यांत एअर फिल्टरमध्येही शिरतं.

ही ब्रीदरची नळी बहुतेक लोक विसरतात. पिस्टन वर-खाली होताना इंजिनात हवेचा दाब तयार होतो आणि तो या नळीतून बाहेर पडतो. नळी चिखलाने बुजली किंवा मुडपली, तर तोच दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो. म्हणून नवीन सील टाकल्यावरही दोन-चार दिवसांनी परत पावडर मारून बघा. तीच जागा पुन्हा ओली झाली तर ब्रीदर साफ करून घ्या. ब्रीदर मोकळा आहे, तरी गळतंय आणि सायलेन्सरमधून निळसर धूरही येतोय, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यायचा. आणि निदान तेच निघालं तर मात्र इंजिन खोलण्याचा खर्च टळत नाही.