वखारीची उंची

बार्शीच्या जुन्या पेठेत आमची एक वखार आहे. आजोबांच्या काळी तीत धान्याची पोती राहत. पुढे व्यापार मार्केट यार्डात गेला आणि तिच्या दाराला कुलूप लागले. सागवानी खांब, त्यांवर आडव्या तुळया, तुळयांवर कडीपाटाचा माळा आणि वर मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, अशी ही पाच खणांची वास्तू. गेल्या वर्षी पुतण्याने तेथे फर्निचरची कार्यशाळा काढण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा घरात सर्वांनाच आनंद झाला. अडचण एकच होती, ती उंचीची. फरशीपासून तुळईच्या बुडापर्यंत जेमतेम ७ फूट २ इंच.

प्लायवूडचा तक्ता ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असतो. आडवा तक्ता उभा करू लागलो की त्याचा कर्ण आड येतो आणि तो जवळजवळ ९ फूट भरतो. तुळईखाली तो फिरणार कसा? मिस्त्रींनी सोपा उपाय सुचविला. "माळा काढायचाच आहे, तर तुळया तरी कशाला? छपराचा भार खांबांवर आणि भिंतींवर आहे. तुळया कापून टाकू." युक्तिवाद पटण्याजोगा होता. पुतण्याने कामाचा दिवसही ठरविला.

बँकेच्या नोकरीत मी तारण मालमत्तांचे असंख्य मूल्यांकन अहवाल वाचले. परंतु छताखालची तुळई नेमके काय काम करते, हे कधी कोणास विचारले नव्हते. सही करण्यापूर्वी एकदा विचारावे, या जुन्या सवयीने मी एका स्थापत्य अभियंत्यांना बोलावले.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. उतरत्या छपराचे वासे कौलांच्या भाराने नुसते खाली दाबत नाहीत. त्यांचे पाय बाहेरच्या बाजूस सरकू पाहतात. समोरासमोरच्या दोन भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवते ती ही आडवी तुळई. माळ्याचा भार उचलणे हे तिचे दुय्यम काम; मुख्य काम ताण सोसण्याचे. जामीनदाराचे तसेच असते. कर्ज नियमित फिटत असते तोवर त्याची सही निरुपयोगी भासते.

मग त्यांनी वर पाहून विचारले, "तिसऱ्या आणि चौथ्या खणांमधली तुळई कुठे आहे?" खांबांवर तिच्या रिकाम्या खाचा तेवढ्या दिसत होत्या. मला आठवले. पीक उदंड आलेल्या एका वर्षी पोत्यांची थप्पी उंच रचता यावी म्हणून वडिलांनीच ती कापविली होती. अभियंत्यांनी तेथे ओळंबा सोडला. भिंत अडीच इंच बाहेर झुकलेली होती आणि वरचे आढे त्याच जागी खचलेले होते. दरवर्षी दिवाळीपूर्वी त्या भिंतीची भेग आम्ही चुन्याने बुजवीत होतो आणि इमारत म्हातारी झाली असे म्हणत होतो.

आता अन्य मार्गांचा विचार सुरू झाला. सर्व खांब जॅकने एकसमान उचलून छप्पर वर नेता येते. परंतु त्यासाठी कौले उतरवावी लागतात, भिंती वाढवाव्या लागतात आणि खर्च मोठा होतो. तुळई वर सरकविली, तर वाशांच्या खालच्या भागावर वाक येतो. गणित केल्याशिवाय ते करू नये. जमीन खोदता येते, मात्र पायाच्या बुडाखाली जाऊन चालत नाही.

खोदून पाहण्यासाठी एका खांबाजवळची फरशी काढली आणि खाली दगडी तळखडा निघाला! पिढ्यानपिढ्या मुरूम टाकून, फरशीवर फरशी बसवून आम्हीच जमीन १० इंचांनी वर आणली होती. तो भराव काढताच तुळईखाली ८ फूट मिळाले. भरावात गाडलेली दोन खांबांची बुडे ओलीने कुजली होती. ती कापून नव्या सागाचे सांधे दिले.

राहिला तक्ता. तो सगळीकडे थोडाच फिरवायचा असतो? मधल्या दोन खणांतील माळ्याच्या कड्या आणि फळ्या काढल्या, तुळया जागच्या जागी ठेवल्या. दोन तुळयांच्या दरम्यान आता वाशांपर्यंत मोकळी जागा आहे. तक्ता तेथे उभा होतो. कापलेल्या तुळईच्या जागी आवळता येणारी पोलादी ताणसळई बसविली. झुकलेली भिंत मागे आली नाही, परंतु पुढे जायची थांबली. हे सारे काम पावसाळ्यापूर्वी उरकले.

उंचीची हाव किती धरावी, यालाही मर्यादा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर कामगारामागे जुन्या इमारतीत ९.९ आणि नव्या इमारतीत १४.२ घनमीटर जागा ठरविली, तेव्हा जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची जागा हिशेबात धरू नये, असेही सांगितले होते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा बंद वखारी असतील. त्या जरूर उघडाव्यात. पण करवत लावण्यापूर्वी ओळंबा सोडावा, खांबाचे बूड उघडून पाहावे आणि उंची नेमकी कोठे हवी ते मोजावे. आमच्या मागल्या दाराचा जाड उंबरा आम्ही नव्या फरशीसाठी काढला, तेव्हा त्याच्या एका टोकास खाचेत बसणारे कुसू दिसले. ती वडिलांनी कापविलेलीच तुळई होती.