एक जूनला जन्मलेली माणसे

आपल्या वस्तीतल्या साठीच्या माणसांना जन्मतारीख विचारून पाहा. एकामागून एक उत्तर येईल, १ जून. इतकी माणसे एकाच दिवशी जन्मली कशी? तर ती तारीख आईने नव्हे, मास्तरांनी दिलेली. शाळा जूनमध्ये उघडायची. पोर सहा वर्षांचे दिसले की दाखल्यावर १ जून टाकून मास्तर मोकळे! माझ्या आईची तारीखही हीच. 'आवणी चालू होती, पाऊस धो धो लागला होता,' एवढेच आजीच्या लक्षात होते. ज्या घरात कुणालाही स्वतःची जन्मतारीख खात्रीने सांगता येत नव्हती, त्या घरात १४ एप्रिल १८९१ मात्र शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होती.

अशा घरातली आमची लेक नुकतीच पाच वर्षांची झाली. कसाऱ्यात वाढदिवस केला. वाढदिवस म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. केकसाठी उधारी करू नये हे खरे. परंतु हा दिवस आपला आहे, हे पोराला कळणे साधी गोष्ट नव्हे. वर्षभरात पोरीला चांगलीच वाचा फुटली आहे. फ्रॉक कोणता, शेजारी कोणी बसायचे, हे तीच ठरवते. 'मोठी माणसे सांगतात म्हणून' हे कारण तिला चालत नाही. उलटतपासणी अशी घेते की वकील बापाला तारीख मागून घ्यावी लागते. नाव विचारले तर स्वतःच्या नावापुढे आधी आईचे, मग माझे सांगते. शासनाने ही पद्धत १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांसाठी कागदोपत्री बंधनकारक केली. आमची बाई त्याआधीची, तरी तिने ती स्वतःला लागू करून घेतली आहे.

वंदना झाली, केक कापला. शेजारी अंगणवाडीतली मैत्रीण होती, कातकरी वाडीवरची. लेकीने विचारले, "हिचा वाढदिवस कधी?" तिची आई म्हणाली, "भट्टीवर झाली, होळीच्या आगंमागं."

"मग हिचा पण आजच!" लेकीने निकाल दिला.

माझी आई हसली, "झाली बघ ही पण मास्तरीण."

शहापूर-मुरबाडची कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात जन्मलेल्या पोरांची नोंद कोण करणार? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने मुदत २१ दिवसांची. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दाखला नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते. प्रवेश मिळतो, पण तारीख अंदाजाने पडते. पुढे वयाचा वाद उभा राहिला की बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचाच दाखला पाहिला जातो. मास्तरांनी दोन वर्षे चढवून लिहिली असतील, तर सोळा वर्षांची मुलगी कागदावर अठराची होते, आणि बालविवाहाविरुद्धचे किंवा पोक्सोचे संरक्षण तिच्या हातून निसटू शकते.

या मुलीचा धाकटा भाऊ १ ऑक्टोबर २०२३ नंतरचा. त्या दिवसापासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच पुरावा. तोही भट्टीवरच जन्मला, त्याचीही नोंद नाही.

नोंद जन्म झाला तिथेच होते. भट्टी भिवंडीकडची, म्हणून दोघांचे अर्ज तिकडे द्यायचे आहेत. कागद मी तयार केले आहेत. दिवाळीनंतर हे कुटुंब पुन्हा निघेल, त्याआधी आदेश हाती पडला पाहिजे.