खेळाडूचे मनसुद्धा दमते



खेळाडू म्हटला की आपण त्याचे पाय बघतो. तो किती जोरात पळतो, किती लांब उडी मारतो, हे बघतो. पाय मुरगळला तर लगेच हळद गरम करून लावतो आणि पट्टी बांधतो. पण खेळाडूला मनसुद्धा असते. ते घाबरते, दमते आणि कधी कधी दुखावते. मनाला पट्टी बांधता येत नाही. मग काय करायचे? ते सांगणारे एक शास्त्र आहे. त्याला क्रीडा मानसशास्त्र म्हणतात. क्रीडा म्हणजे खेळ आणि मानस म्हणजे मन. त्याची माहिती मी बाईंना विचारून लिहिली आहे.

भीती वाटली की काय होते?

शर्यतीची शिट्टी वाजायच्या आधी छातीत धडधड होते. तळहाताला घाम येतो. तोंड कोरडे पडते. याचा अर्थ आपण भित्रे आहोत असा नाही. मेंदूला वाटते की काहीतरी संकट आले, म्हणून तो शरीराला तयार करतो. आपल्या दोन मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून ॲड्रिनॅलिन नावाचा रस रक्तात येतो. त्यामुळे हृदय जोरात चालते आणि पायांना जास्त रक्त मिळते. थोडी धडधड चांगलीच, तिच्यामुळे आपण जोरात पळतो. पण ती लई वाढली की हातपाय ताठ होतात आणि येत असलेलेही आठवत नाही. खो-खोत चांगला खेळणारा गडीसुद्धा अशा वेळी घेतलेली दिशा सोडून उलटा वळतो आणि फाउल होतो.

आपल्या जिल्ह्याच्या सारिकाताई

सारिका काळे या खो-खोच्या मोठ्या खेळाडू आपल्याच जिल्ह्याच्या. जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते, आता धाराशिव आहे. त्यांच्या घरी गरिबी होती. आई शिवणकाम करायची. जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. २०१६ साली घरच्या पैशाच्या अडचणीमुळे त्या फार निराश झाल्या. खेळ सोडायचा असे ठरवून त्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले. तेव्हा त्यांच्या आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव सरांना सांगितली. सरांनी त्यांची समजूत घातली आणि त्या पुन्हा मैदानावर आल्या.

२०१६ सालीच गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी खो-खोचे सुवर्णपदक जिंकले. त्या संघात सारिकाताई होत्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार २२ वर्षांनी मिळाला होता.

सारिकाताईंचे पाय काही मोडले नव्हते. मन दमले होते. आणि मला वाटते, यात आजीचे काम फार मोठे आहे. आजी गप्प बसली असती तर सरांना कळलेच नसते.

स्वप्निल कुसाळे यांचा श्वास

दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांचे. ते रायफलने ५० मीटर अंतरावरून नेम मारतात. निशाणावरचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर असते, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे! छाती धडधडली की बंदूक हलते. बंदूक केसभर हलली तरी गोळी बाजूला जाते.

२०२३ साली चीनमध्ये आशियाई स्पर्धा झाली. अंतिम फेरीत ते पुढे होते. पण एका गोळीला ७.६ च गुण मिळाले आणि ते चौथ्या नंबरावर गेले. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. पण १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ते पुन्हा उभे राहिले. सुरुवातीला ते पहिल्या तिघांत नव्हते. हृदय जोरात धडधडत होते. पण त्यांनी श्वासावर ताबा ठेवला आणि गुणफलकाकडे पाहिलेच नाही, असे त्यांनी नंतर सांगितले. त्यांना कांस्यपदक मिळाले. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली कुस्तीत पदक मिळवले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळाले.

जगात काय करतात?

अमेरिकेत कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ साली इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळा काढली. आता मोठ्या संघांबरोबर मनाची तयारी करून घेणारे प्रशिक्षकही असतात. २०११ साली आपल्या क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा पॅडी अप्टन हे काम करत होते.

अमेरिकेची सिमोन बाइल्स ही जिम्नॅस्टिक्सची फार मोठी खेळाडू. २०२१ साली टोकियोला उडी मारताना तिला हवेत आपण कुठे आहोत तेच कळेना. अशी उडी चुकली तर मान मोडू शकते. म्हणून ती स्पर्धेतून बाजूला झाली. काही लोकांनी तिला नावे ठेवली. पण तिने विश्रांती घेतली, मनाचे उपचार घेतले आणि २०२४ साली पॅरिसला तीन सुवर्णपदके जिंकली. म्हणजे थांबणे म्हणजे हरणे नव्हे.

आपण काय करावे?

१. धडधड वाढली की मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत हळूहळू सोडावा. असे पाच वेळा करावे. श्वास सावकाश सोडला की हृदयही सावकाश होते.

२. रात्री डोळे मिटून आपण नीट खेळत आहोत असे चित्र मनात बघावे.

३. गडी बाद झाला नाही, तर त्याचाच विचार करत बसू नये. पुढचा खो नीट द्यावा.

४. खेळायला नको वाटले तर ते आजीला, ताईला किंवा बाईंना सांगावे. सांगायला लाजू नये.

५. हरलेल्या गड्याला चिडवू नये. त्याच्याजवळ जाऊन बसावे.

पालकांना विनंती

हिवाळ्यात केंद्राच्या क्रीडा स्पर्धा असतात. तिथे दहा मुले पळाली तर पहिला नंबर एकाचाच येतो. बाकीची नऊ मुले घरी येतात तेव्हा त्यांना पहिल्यांदा "कितवा आलास रे?" असे विचारू नका. "दमलास का? चल, जेवून घे," असे म्हणा. मग तो आपणहून सगळे सांगेल. जो मार खातो किंवा बोलणी खातो, तो पुढच्या वर्षी नावच देत नाही. मग तो चांगला खेळाडू होता की नाही हे कोणालाच कळत नाही.

एखादे मूल बरेच दिवस नीट जेवत नसेल, झोपत नसेल, गपगार बसत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. सरकारची टेलिमानस नावाची सेवा २०२२ साली सुरू झाली आहे. १४४१६ या नंबरावर फोन केला की मनाच्या त्रासाबद्दल फुकट सल्ला मिळतो. दिवसा किंवा रात्री केव्हाही फोन करता येतो.

मित्रांनो, व्यायामाने पाय मजबूत होतात. मायेच्या बोलण्याने मन मजबूत होते. खेळाडूला दोन्ही पाहिजेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. उमरगा