सोळातले तीन, सोळातला एक

'यी चिंग' हा भविष्य सांगणारा चिनी ग्रंथ आहे असं कुणी म्हटलं की मी वाद घालतो, आणि तो भविष्य सांगत नाही असं म्हटलं तरी घालतो. आपल्याकडे देवाला कौल लावला की उजवी कळी पडते नाहीतर डावी. होय किंवा नाही, विषय संपला. यी चिंग होय-नाहीच्या भानगडीत फारसा पडत नाही. परिस्थिती आत्ता कुठल्या अवस्थेत आहे आणि तिच्यातला कुठला भाग उलटायला आलाय, हे तो दाखवतो.

इतिहास भराभर उरकतो, कारण मला काड्यांकडे यायचंय. चीनच्या शांग घराण्यातले राजे कासवाच्या कवचाला आणि बैलाच्या खांद्याच्या हाडाला डागण्या देऊन पडलेल्या भेगा वाचत. १८९९मध्ये वांग यीरोंग या विद्वानाने त्या हाडांवरची अक्षरं ओळखली, आणि माग लागला तो शांगांच्या राजधानीचा, अनयांगचा. तिथे मी गेलो तेव्हा अख्खी दुपार त्या हाडांपुढेच गेली. तीन हजार वर्षांपूर्वीचा वू डिंग राजा स्वतःच्या दातदुखीबद्दल विचारतो, फू हाओ राणीच्या बाळंतपणाबद्दल विचारतो. मुलगी झाली तर निकाल 'चांगला नाही' असा कोरतात! शांगांनंतरच्या झोउ काळात यी चिंगचा मूळ भाग आकाराला आला. अखंड आणि तुटक रेषा, सहा-सहांच्या ६४ आकृत्या. पुढे 'दहा पंख' नावाची भाष्यं जोडली गेली. झालं.

आता काड्या. त्या यॅरोच्या, म्हणजे शेवंतीच्याच कुळातल्या एका रोपाच्या. मी खराट्याचे हीर वापरतो, त्यावरून घरात बोलणीही खातो. ५० काड्या घ्यायच्या, एक बाजूला ठेवायची. उरलेल्या ४९चे अंदाजाने दोन ढीग. उजव्या ढिगातली एक काडी डाव्या हाताच्या बोटांत धरायची, मग दोन्ही ढीग चार-चारने मोजत जायचं आणि शेवटी उरतील त्या काड्या बोटांतल्या काडीसकट काढून टाकायच्या. काहीच उरलं नाही तर शेवटच्या चार. मोजलेल्या काड्या एकत्र करून हेच आणखी दोनदा. आता हातात ३६, ३२, २८ किंवा २४ काड्या राहतात. चारने भागा: नऊ, आठ, सात किंवा सहा. ही झाली सर्वांत खालची एक रेषा. आकृतीला अशा सहा लागतात, म्हणजे अठरा वेळा मोजणी. ही रीत आज चालते ती १२व्या शतकातल्या झू शी या तत्त्वज्ञाने जुन्या भाष्यावरून बसवून दिली तशी.

सात आणि नऊ म्हणजे अखंड रेषा, यांग. सहा आणि आठ म्हणजे तुटक, यिन. सात-आठ स्थिर राहतात. नऊ आणि सहा मात्र 'म्हाताऱ्या' रेषा. त्या पिकल्या की उलटतात आणि एका आकृतीतून दुसरी निघते.

माझा जीव अडकलाय तो पुढच्या हिशेबात. सोळा वेळांपैकी सरासरी पाच वेळा सात येतो, तीन वेळा नऊ, सात वेळा आठ आणि एकदा सहा. यिन-यांग बरोबर आठ-आठ! पण उलटणारा यांग तीन, उलटणारा यिन एकच. भरतीला आलेलं लवकर ओसरतं, ओसरलेलं मात्र सावकाश भरतं. हे कुणी आखलं नसेल, मोजणीतून आपोआप उतरलं असेल, तर मला ते आणखीच आवडतं.

अकरावी आकृती बघा. खाली तीन अखंड रेषांचं आकाश, वर तीन तुटक रेषांची पृथ्वी. आपण म्हणू, सगळं उलटंपालटं! पण ही शुभ मानतात, कारण आकाश वर चढतं, पृथ्वी खाली येते आणि दोघांची गाठ पडते. प्रत्येक जण आपापल्या जागी स्वस्थ बसलेली बारावी आकृती मात्र कोंडीची.

पुढे घाईच्या लोकांनी तीन नाणी उडवायची सोय काढली. त्यात नऊ आणि सहा दोन्ही सोळात दोन-दोन वेळा येतात. मिनिटभरात उत्तर मिळतं, पण त्या जगात चढणं आणि उतरणं सारखंच सोपं असतं. शेती किंवा दुकान चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तो काड्यांच्याच बाजूने कौल देईल.