हवा सोडली की ब्रेक लागतो

'ट्रेन सिम वर्ल्ड'सारखा आगगाडी चालवण्याचा संगणकीय खेळ प्रथमच खेळणाऱ्याची समजूत साधी असते: हँडल फिरवले की पाइपात हवा भरते आणि गाडी थांबते. मोटारीच्या पेडलची सवय असल्याने तसे वाटणे स्वाभाविकच. रेल्वेत मात्र गणित उलटे आहे.

इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गेलेल्या ब्रेक पाइपमध्ये (सर्व डब्यांना जोडणारी हवेची नळी) धावताना साधारण 5 बार दाब राखलेला असतो. तो कमी केला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीत साठवलेली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये शिरते आणि ब्रेक लागतो. कपड्यांच्या चिमट्यासारखे: बोटांनी दाबून धरला तर उघडा, सोडला की घट्ट. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1872 मध्ये ही रचना आणली. तिचा मोठा फायदा असा, की गाडी मध्येच तुटली तरी दोन्ही भागांचे ब्रेक आपोआप लागतात. भारतीय डब्यांत साखळी ओढल्यावर गाडी थांबते, तीही याच पाइपातली हवा सुटल्याने.

त्यामुळे ब्रेक घाईघाईने लावणे-सोडणे खेळातही महागात पडते. टाक्या पुन्हा भरायला वेळ मिळत नाही आणि उतारावर लांब मालगाडी आवरत नाही.

ब्रेक आपोआप लावणारी खेळातल्या जर्मन मार्गांवरची 'झिफा' (चालक सावध आहे का हे तपासणारी यंत्रणा) नवख्यांना नुसती कटकट वाटते. चालकाने ठरावीक वेळाने पेडल सोडून पुन्हा दाबायचे. चुकले तर आधी दिवा, मग गजर, शेवटी आपत्कालीन ब्रेक. खेळात ती बंद ठेवता येते, पण मग निम्मी मजा गेलीच.